शोपँचा ई मायनर प्रिल्यूड : डाव्या हाताचे कॉर्ड सुरावटीला झाकून टाकतात

प्रश्न

नमस्कार. मी लहानपणापासून पेटी वाजवत आले आहे आणि भजनाला व नाट्यगीतांना साथ करण्यात माझी वीसेक वर्षे गेली. चार वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी पियानो शिकायला सुरुवात केली. घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे आणि आठवड्यातून एकदा शिक्षकांकडे जाऊन मी त्यांच्या तारांच्या उभ्या पियानोवर वाजवते. सध्या पोलिश संगीतकार शोपँचा ई मायनरमधला प्रिल्यूड (छोटी पियानो-रचना), म्हणजे ओपस २८ या संग्रहातला चौथा, बसवते आहे. अवघ्या २५ बारची (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) ही रचना आहे आणि तिचे स्वर वाचायलाही फारसे अवघड नाहीत. उजव्या हातात बहुतेक ठिकाणी एकच लांब स्वर असतो आणि डाव्या हातात तीन स्वरांचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) एकेका बारमध्ये आठ वेळा, हळूहळू रंग बदलत, वाजत राहतो.

मागच्या आठवड्यात मी माझे वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले आणि फार खट्टू झाले. उजव्या हाताचा लांब स्वर, बी, सुरुवातीला ऐकू येतो, पण बारच्या मध्यापर्यंत तो डाव्या हाताच्या ठोक्यांखाली बुडून जातो आणि पुढचा सी कुठून आला हे ऐकणाऱ्याला कळत नाही. शिक्षक प्रत्येक वेळी ‘डावा हात हलका’ असे सांगतात. मी तो हलका करते तेव्हा कॉर्डमधला एखादा स्वर उमटतच नाही, कधी मधला तर कधी खालचा, आणि आठ कॉर्डची सलग वीण तुटते. त्यावर उपाय म्हणून उजवा हात जोरात वाजवला तर सुरावट कर्कश होते, आणि ही रचना तर अगदी हळुवार सुरू होते.

पेटीवर हा प्रश्न कधी आलाच नाही. तिथे भाता एक आणि त्याची हवा सगळ्या स्वरांना सारखी. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाज भात्यावरच ठरतो. त्यामुळे एकाच वेळी दाबलेल्या चार पट्ट्यांना चार वेगवेगळी वजने द्यायची ही गोष्ट माझ्या बोटांना ठाऊकच नाही. त्यात भर म्हणजे घरी जो तोल जमला असे वाटते तो शिक्षकांच्या पियानोवर पार बिघडतो आणि खर्ज घुमू लागतो. बोटांना ही सवय कशी लावावी, आणि घरच्या व तिकडच्या वाद्यांपैकी कोणत्या वाद्याच्या आवाजावर विश्वास ठेवावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (पियानो शिक्षिका, मुंबई)

आपण ज्याला खर्जाचा आवाज म्हणता आहात तो बहुधा खर्जाचा नाही. पहिला कॉर्ड पाहा : करंगळीवर जी, मधल्या बोटावर किंवा तर्जनीवर बी आणि अंगठ्यावर ई. यातला जी मधल्या सीच्या (पट्ट्यांच्या साधारण मध्यभागी असलेल्या सी स्वराच्या) खाली आहे, पण ई हा मधल्या सीच्या वर आहे आणि सुरावटीच्या बीपासून केवळ पाच स्वरांच्या अंतरावर आहे. अंगठा हे हाताचे सर्वांत जड बोट आहे. बाकीची बोटे सांध्यांतून वळतात, तर अंगठा मनगटाच्या वजनासकट आडवा पडतो. म्हणजे आपल्या डाव्या हातातला सर्वांत मोठा आवाज बहुधा सुरावटीच्या सर्वांत जवळच्या स्वराचा आहे, आणि तोही बारमध्ये आठ वेळा. सुरावट बुडते ती याच ठिकाणी.

हे स्वतः पडताळून पाहा. उजव्या हाताची सुरावट नेहमीसारखी वाजवा आणि डाव्या हाताचा अंगठा पूर्णपणे गाळून फक्त खालचे दोन स्वर वाजवा. सुरावट एकदम मोकळी झाल्याचे ऐकू येईल. मग अंगठा परत आणा, पण पट्टीवर तो आहे की नाही अशी शंका यावी इतकाच. माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक विद्यार्थ्यांची ‘डावा हात फार मोठा’ ही तक्रार अंगठ्यापाशी येऊन संपते.

‘डावा हात हलका’ ही सूचना चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे, कारण ती हातांबद्दल बोलते आणि कान मात्र स्वरांचे थर ऐकतात. या रचनेत थर तीन आहेत. सर्वांत वर सुरावट आहे. सर्वांत खाली करंगळीची ओळ आहे, जी पहिल्या चार बारमध्ये जी, एफ शार्प, एफ, ई अशी अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरते आणि रचनेतले सगळे दुःख खरे तर तीच वाहून नेते. या दोन ओळींच्या मध्ये जे उरते ते भरण आहे. सुरावट सर्वांत पुढे, करंगळी तिच्या मागोमाग आणि मधले दोन स्वर सर्वांत मागे, असा क्रम कानात ठेवा. अख्खा डावा हात एकसारखा दबला की करंगळीची ओळही नाहीशी होते. मग सुरावट ऐकू येते खरी, पण तिच्या पायाखाली जमीन राहत नाही. म्हणून आठवडाभर रोज दहा मिनिटे फक्त बाहेरच्या दोन ओळी वाजवा, उजव्या हाताची सुरावट आणि डाव्या हाताची एकटी करंगळी. तेवढेच ऐकताना जीव गुंतला पाहिजे. तो गुंतू लागला की मगच मधले स्वर आत घाला.

आता स्वर न उमटण्याबद्दल. पियानोची पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते. तळाला पोचण्याच्या जरा आधी हातोडी यंत्रणेतून सुटते आणि उरलेले अंतर स्वतःच्या वेगाने पार करून तारेवर आदळते. सुटण्याच्या त्या क्षणी हातोडीचा वेग किती होता यावरच आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो. त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी फरक पडत नाही. शिक्षकांच्या पियानोवर एखादी पट्टी अगदी सावकाश दाबून पाहा : आवाज येणार नाही, मात्र तळाच्या जरा आधी बोटाला एक बारीकसा अडथळा जाणवेल. हातोडी सुटण्याची जागा तीच. हलके वाजवायचे म्हणून आपण बोट वरच्यावर पट्टीला टेकवत असाल तर कधी ती जागा ओलांडली जाते, कधी जात नाही, आणि स्वर गळतात. हलके वाजवणे म्हणजे कमी खोल वाजवणे नव्हे. बोट आधीपासून पट्टीला चिकटलेले ठेवा, पट्टी दर वेळी तळापर्यंत न्या, फक्त नेण्याचा वेग कमी ठेवा आणि तिन्ही बोटे एकत्र खाली जाऊ द्या. पुढच्या कॉर्डसाठी हात उचलू नका. पट्टीच तुमच्या बोटाला वर आणील इतके सैल राहा. येथे वाद्यावाद्यांत फरक पडतो. ग्रँड (आडव्या) पियानोत पियानोनिर्माते एरार यांनी १८२१ साली पेटंट घेतलेल्या यंत्रणेमुळे पट्टी पूर्ण वर न येताही स्वर पुन्हा वाजवता येतो, तर उभ्या पियानोत ती बरीच वर यावी लागते. तेव्हा शिक्षकांकडे स्वर अधिक गळत असतील तर दोष सगळा आपला नाही.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या दृष्टीने या प्रिल्यूडचे मर्म तीच आहे. पियानोचा स्वर वाजताक्षणी विझू लागतो. पेटीवर भाता चालू असेतोवर बी तसाच भरलेला राहिला असता; येथे तो तीन ठोके एकट्याने विझत जातो आणि त्याच्याखाली सहा कॉर्ड नव्या दमाने येतात. ते सगळे एकाच आवाजाचे असतील तर शेवटचे कॉर्ड सुरावटीपेक्षा मोठे होणारच. म्हणून बी वाजवताना तो चौथ्या ठोक्यापर्यंत टिकेल एवढे वजन त्याला द्या, हाताच्या पाठीमागून, बोटाच्या टोकाने आपटून नव्हे, आणि बी विझतो त्या उताराने डावा हातही उतरू द्या. मग येणारा सी हा बीच्या सुरुवातीच्या आवाजाशी जुळवायचा नसतो. बीचे जे शेवटचे उरलेले ऐकू येत असेल त्याला तो जोडायचा असतो. हा जोड साधला की सी उसासा टाकल्यासारखा येतो. तो जोरात आला तर दाराची कडी वाजल्यासारखा ऐकू येतो.

प्रतिसाद २ (ध्वनिमुद्रण हा माझा व्यवसाय आहे)

बोटांबद्दल वर उत्तम सांगितले आहे. मी वाद्य, खोली आणि मोबाइल यांच्याबद्दल लिहितो, कारण आपल्या तक्रारीतला काही भाग तिथून आलेला असावा.

प्रथम मोबाइल. बहुतेक मोबाइलमधली ध्वनिमुद्रणाची सोय बोलण्यासाठी बनवलेली असते; ती हळू आवाज आपोआप वर उचलते आणि मोठा आवाज खाली दाबते. म्हणजे आपण बोटांनी जो फरक निर्माण केला तोच ती पुसून टाकते, आणि विझत चाललेल्या बीच्या जागी डाव्या हाताचे कॉर्ड आणखी वर येतात. शक्य असल्यास ही आपोआप पातळी जुळवण्याची सोय बंद करता येईल असे ॲप वापरा आणि मोबाइल पियानोवर न ठेवता आठ-दहा फुटांवर, श्रोता बसेल त्या उंचीवर ठेवा. पियानोवरच डाव्या बाजूला ठेवलेल्या मोबाइलने डावा हात मोठा दाखवला तर त्यात नवल नाही.

दुसरे, घरचा पियानो. पुष्कळ डिजिटल पियानोंचे स्पीकर लहान आणि खालच्या दिशेला तोंड केलेले असतात, त्यामुळे खालचे स्वर त्यांतून पुरेसे बाहेर पडत नाहीत. शिवाय फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा विचार करून आपण आवाज कमी ठेवत असाल, आणि आवाज कमी झाला की माणसाच्या कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा अधिक कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. या दोन्हींचा परिणाम असा की घरी खर्ज ऐकू यावा म्हणून हात नकळत जड होतो आणि शिक्षकांच्या तारांच्या पियानोवर तेच वजन घुमते. सर्वांत खालच्या दोन सप्तकांत हा परिणाम जास्त असतो, या प्रिल्यूडच्या सुरुवातीच्या कॉर्डना तो कमी लागू पडेल. पण लागलेली सवय रचना पाहून बदलत नाही. रात्रीच्या रियाजाला चांगला हेडफोन वापरा. पियानो खोलीच्या कोपऱ्यात असेल तर तो दोन-तीन फूट बाहेर ओढा, कारण कोपरा खर्ज वाढवतो. शिक्षकांचा पियानोही कोपऱ्यात असेल तर तिथल्या घुमण्याचे एक कारण तेच आहे. कानाचा आणखी एक स्वभाव येथे आडवा येतो. खालचा स्वर वरच्या स्वराला जितका झाकतो तितका वरचा स्वर खालच्याला झाकत नाही. दोन्ही हातांचे वजन समान असले तरी सुरावट मागे पडते ती काही अंशी यामुळे, तेव्हा ‘समान’ हे आपले ध्येय असूच शकत नाही.

कोणत्या वाद्यावर विश्वास ठेवावा, या प्रश्नाचे माझे उत्तर असे : आवाजाचा निवाडा तारांच्या पियानोवर करा, पण बोटांची मोजणी डिजिटल पियानोवर करा. डिजिटल पियानो यूएसबी केबलने संगणकाला जोडला की प्रत्येक स्वराचा आघात १ ते १२७ या आकड्यांत दिसतो. पहिले दोन बार वाजवून अंगठ्याच्या ईचा आकडा आणि उजव्या हाताच्या बीचा आकडा शेजारी शेजारी पाहा. वरच्या प्रतिसादातले म्हणणे खरे की खोटे हे पाच मिनिटांत कळेल.

जाता जाता एक गोष्ट. मोठे पियानोवादक सुरावट किंचित आधी वाजवतात असे ऐकून काही विद्यार्थी मुद्दाम उजवा हात आधी टाकतात. ऑस्ट्रियातील संशोधक वेर्नर गोएबल यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बावीस वादकांकडून शोपँच्याच रचना वाजवून घेऊन हे मोजले. सुरावटीचा स्वर साधारण ३० मिलिसेकंद आधी उमटत होता, मात्र बोटे पट्ट्यांना जवळजवळ एकाच वेळी भिडत होती. अधिक वेगाने निघालेली हातोडी तारेपाशी लवकर पोचते, एवढेच त्याचे कारण. तेव्हा ते मुद्दाम करू नये. वजन योग्य पडले की ते आपोआप घडते.

प्रतिसाद ३ (गोवा)

ताई, मी अनेक वर्षे आमच्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. तुमची पेटीची अडचण मला मनापासून समजली, कारण ऑर्गनवरही पट्टी कशी दाबली याने आवाज बदलत नाही. आम्हाला लहानपणी तियात्रांच्या आणि चर्चच्या संगीतात तयार झालेल्या एका वृद्ध मास्तरांनी जे करायला लावले ते तुम्हालाही उपयोगी पडेल : चार आवाजांच्या भजनातला एक आवाज स्वतः गायचा आणि उरलेले तीन वाजवायचे. तुम्ही साथ करणाऱ्या आहात, म्हणजे गायकाच्या आवाजाखाली पेटी कशी राखायची हे तुमच्या अंगात मुरलेले आहे. मग उजवा हात मांडीवर ठेवा, सुरावट स्वतः गा आणि डाव्या हाताने फक्त साथ करा. गळ्यातला बी लांबवताना श्वास संपत येईल आणि तुमचा डावा हात न सांगता खाली येईल. त्यानंतर गाणे थांबवून उजव्या हाताने तीच सुरावट वाजवा, डाव्या हाताला मात्र अजून कोणीतरी गाते आहे असेच वाटू द्या.

एका बाबतीत मला आग्रहाने सांगायचे आहे. खर्ज फार घाबरून वाजवू नका. तानपुऱ्याची खर्जाची तार मंद केली तर गायकाला बरे वाटत नाही, उलट तो बेसूर होण्याच्या भीतीने चाचपडतो. तारांच्या पियानोवर एक प्रयोग करा : मधला सी आवाज न करता दाबून धरा आणि त्याच्या एक सप्तक खालचा सी एकदा ठणकावून वाजवून सोडून द्या. वरचा सी कोणी न छेडता गुणगुणताना ऐकू येईल. खर्ज सुरावटीच्या स्वरांना असा आतून आधार देतो. शोपँच्या ओपस ९ मधल्या दुसऱ्या नॉक्टर्नमध्ये (रात्रीच्या भावाची संथ पियानो-रचना) डावा हात प्रत्येक वेळी आधी एक खालचा स्वर आणि मग वरचे दोन कॉर्ड वाजवतो. तिथे तो पहिला स्वर नीट भरून वाजवला आणि नंतरचे दोन कॉर्ड विरळ ठेवले तरच सुरावट तरंगते. पहिल्या प्रतिसादात सांगितलेले तीन थर तिथे आणखी स्पष्ट दिसतात.

प्रश्नकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांची अतिशय आभारी आहे. मुलीच्या मदतीने पियानो संगणकाला जोडला आणि आकडे पाहून चकित झाले : करंगळीचा जी ४५ च्या आसपास, उजव्या हाताचा बी ६४ आणि अंगठ्याचा ई ६२. म्हणजे मी आजवर दोन सुरावटी वाजवत होते आणि त्यातली एक कोणालाच नको होती. आता बी साधारण ७० वर, करंगळी ४५ ते ५० वर आणि अंगठा ३५ वर येतो, निदान पहिल्या आठ बारमध्ये तरी. अंगठा याहून खाली नेला की तो गळतो. गाऊन साथ करण्याचा उपाय तर मला इतका आपलासा वाटला की मी तो रोज सकाळी करते. पहिल्या दिवशी चौथ्या बारपाशी माझा डावा हात खरोखरच श्वासाबरोबर खाली आला आणि मी वाजवायची थांबले.

आता एक शंका उरली आहे. घरी पेडल (पायाने दाबून स्वर लांबवण्याची सोय) न वापरता तोल चांगला राहतो. शिक्षकांच्या पियानोवर पेडल दाबला की बारच्या शेवटापर्यंत पुन्हा सगळे गढूळ होते. मी प्रत्येक बारच्या सुरुवातीला पेडल बदलते. ते चुकते आहे का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

अंगठा ३५ वर आणून थांबलात हे योग्य केलेत. त्याहून खाली जाण्याची गरज नाही.

या रचनेला बारमध्ये एकदाच पेडल बदलणे पुरत नाही. दुसऱ्या बारपासून कॉर्डमधला एखादा स्वर बारच्या मध्येच अर्ध्या स्वराने उतरतो, आणि पेडल तसाच दाबलेला राहिला तर जुना व नवा स्वर एकत्र घुमतात. म्हणून बारऐवजी स्वर बदलला की पेडल बदला. पहिल्या बारमध्ये कॉर्ड बदलत नाही, तरीही तिथे मध्यावर एकदा बदलून पाहा. पेडल दाबलेला असताना कोणतीच तार बंद होत नाही, त्यामुळे आठ कॉर्डचा आवाज एकावर एक साचत जातो आणि एकदाच वाजलेला बी त्याच्या तळाशी जातो. उजव्या हाताचे बोट मात्र बीच्या पट्टीवर दाबलेलेच असते. पेडल क्षणभर वर आला की डाव्या हाताचे साचलेले सगळे बंद होते, पण बी बंद होत नाही, कारण त्याची तार बोटाने मोकळी धरलेली आहे. त्या क्षणी बी पुन्हा वर आलेला तुम्हाला ऐकू येईल. पेडल तळापासून पूर्ण उचलण्याचीही आवश्यकता नाही. अर्धा वर येऊ दिला तरी पुरेसे साफ होते आणि कॉर्डची वीण तुटत नाही. एक काळजी तेवढी घ्या : बदलताना बीवरचे बोट चुकूनही सैल होऊ देऊ नका, विशेषतः ती जागा करंगळी किंवा अनामिकेवर आलेली असेल तेव्हा.